कडुबा हिवराळ्यांची शपथ

देव आहे की नाही हा प्रश्न बहुतेकांना संकटात पडतो. कडुबा हिवराळ्यांना तो रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत पडायचा, आणि पडला की त्यांचं डोकं फिरायचं. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा, मानेच्या शिरा फुगायच्या आणि समोर बसलेल्या मुबारकभाईंवर ते असे तुटून पडायचे, की नव्या माणसाला वाटावं या दोघांचा बांधाचा वाद आहे. वाद असायचा तो विश्व कुणी निर्माण केलं याचा.

कडुबा कोर्टात मुद्देमाल कारकून होते. गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू म्हणजे मुद्देमाल, आणि निकाल लागेपर्यंत ती सांभाळणारा माणूस म्हणजे मुद्देमाल कारकून. एकतीस वर्षं या माणसानं एका कोंदट खोलीत कोयते, सुरे, रक्त वाळून कडक झालेले सदरे आणि हातभट्टीचे कॅन सांभाळले. एका मारामारीच्या खटल्यात बँडवाल्यांचा ताशा जप्त झाला होता. खटला अकरा वर्षं चालला आणि अकरा वर्षांत त्या ताशाला कडुबांनी कुणाला टिचकी मारू दिली नाही. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील. सील फुटलेलं असलं तर ते वस्तू आत घेतच नसत, आणणारा फौजदार असो नाहीतर त्याचा बाप. "कुठं फुटलं ते आधी लिहून द्या," म्हणायचे. पोलीस माघारी शिव्या द्यायचे आणि तोंडावर साहेब म्हणायचे.

मुबारकभाईंचं टेबल कोर्टाजवळच, अदालत रोडला लिंबाखाली. आपल्याकडचे जमिनीचे जुने कागद निजामाच्या वेळचे, म्हणजे उर्दूतले. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या नावानं ते निघाले, त्यांच्या नातवंडांना त्यातलं एक अक्षर कळत नाही. मुबारकभाई ते वाचून मराठीत उतरवायचे आणि खाली लिहायचे, 'मला वाचता आले तसे खरे भाषांतर.' माणूस पाच वेळचा नमाजी, अंगानं किरकोळ, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला आपण उगाच ओरडतोय असं वाटावं. कडुबांना तसं कधी वाटलं नाही.

"हे टेबल आपोआप झालं का?" मुबारकभाई विचारायचे. "कुणीतरी सुतारानं केलं ना? मग एवढं आभाळ आपोआप झालं, हौ?"

"सुतार मी पाह्यलाय! पैठण गेटाला दुकान हाय त्याचं. दहा सुतारांना दहा टेबलं करताना पाह्यलं, म्हणून हे बी सुताराचंच, असं म्हणता येतं. विश्व करताना तू किती जणांना पाह्यलंस? एक तरी?"

"तुझ्या खोलीत सुरा येतो. खून होताना कुणी बघितलेलं नसतं. तरी मुठीवर ठसा सापडला की माणूस आत जातो. न बघितलेल्याला तुम्ही धरताच की मियाँ."

"ठसा जुळवायला आरोपीचा ठसा लागतो! घिऊन ये त्याचा ठसा. मी सोता सील लावतो."

एकदा मुबारकभाईंनी कायद्याचंच बोट धरलं. तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरची सही कुणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही, कोर्ट ती खरी धरू शकतं, असा एक नियम आहे. अलीकडे कायद्याचं नाव बदललं, नियम तोच राहिला. मुबारकभाईंचं पोट याच नियमावर चालत होतं. ते म्हणाले, "आभाळ तीस वर्षांपेक्षा जुनं आहे का नाही? मग सही सिद्ध करायला कायकू सांगतो?"

कडुबांनी डब्याचं झाकण आपटलं. "सही सिद्ध करू नका म्हणतो कायदा. सहीच नसली तरी चालंल, असं नाय म्हणत! दाव मला. कुठं हाय सही?"

मुबारकभाईंनी वर लिंबाच्या कोवळ्या पालवीकडे बोट केलं. कडुबा अर्धी भाकरी टाकून उठून गेले. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला दोघं पुन्हा समोरासमोर. कडुबांचा ठेचा मुबारकभाईंच्या पोळीवर, मुबारकभाईंचा खिमा कडुबांच्या भाकरीवर, आणि मध्ये विश्वाची उत्पत्ती.

या रागाचं मूळ फार थोड्यांना माहीत होतं. कडुबांच्या वडिलांनी बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म स्वीकारला होता, त्यामुळे घरात देव नव्हता. पण नुसतं नसण्यानं कडुबांचं समाधान होत नव्हतं. देवानंच तसं निर्माण केलं, या एका वाक्यावर त्यांच्या आज्याला वेशीबाहेर ठेवलं होतं. जग देवानं केलं, जगातल्या पायऱ्याही देवानंच केल्या, खालची पायरी तुमची. इतकं मोठं विधान, आणि त्याचा पुरावा हजार वर्षांत कुणी मागितला नव्हता. म्हणून कडुबा मागत होते, आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं मागत होते. त्यात त्यांचं चुकलं असं मला कधीच वाटलेलं नाही.

शपथेचंही तसंच. मुद्देमाल कारकुनाला अधूनमधून साक्षीला उभं राहावं लागतं. कायद्यात दोन वाटा आहेत. ईश्वराची शपथ घ्या, नाहीतर प्रतिज्ञेवर सांगा. शिपाई सवयीनं ईश्वराचा मजकूर म्हणायला लागला की कडुबा मधेच तोडायचे, "प्रतिज्ञेवर." एका न्यायाधीशांनी एकदा सहज विचारलं, "काय फरक पडतो हो?" कडुबा म्हणाले, "मला पडतो साहेब. देवाची शपथ मोडली तर देव बघंल. माझी मोडली तर मलाच बघावं लागंल." कोर्टात ही गोष्ट बरेच दिवस सांगितली जायची.

निवृत्त झाल्यावरही त्यांचं पावणेदोन चुकलं नाही. शहराच्या पाट्या बदलल्या, जुनं नाव जाऊन नवं आलं, त्यावर दोघांनी चार दिवस भांडून घेतलं आणि पुन्हा विश्वाकडे वळले. मग साळूबाईंना नोटीस आली.

साळूबाई कडुबांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. दौलताबादच्या अलीकडे एका वाडीत, बापाच्या जागेवर पत्र्याच्या दोन खोल्यांत ती लग्नानंतरही राहिली, नवरा गेल्यापासून एकटीच, आणि किल्ला बघायला येणाऱ्यांना पेरू, सीताफळं विकायची. जागा विहिरीपासून ओढ्यापर्यंत, चार बाजा टाकाव्यात एवढीच. पण तिचं तोंड रस्त्याकडे होतं. शेजारचे बागायतदार काकासाहेब यांना तिथं पर्यटकांसाठी झोपड्या आणि पोहायचा तलाव करायचा होता, आणि गेट नेमकं साळूबाईंच्या दारात येत होतं. त्यांनी अर्ज केला की जागा आपली आहे, ही बाई अतिक्रमण करून राहते. तहसीलमधून कागद निघाला, की हक्काचा पुरावा असल्यास सुनावणीस हजर करावा, नसल्यास जागा रिकामी करावी.

"पुरावा!" कडुबांनी तो कागद टेबलावर आपटला. "सत्तर वर्सं म्हातारी तिथं राहती, तिला पुरावा मागतात!"

"मागणारच," मुबारकभाई म्हणाले. "तू नाही का मागत?"

दोन महिने खेटे घालून कडुबांनी जुन्या दप्तरातून नक्कल काढली. फसली १३४१ सालचा, म्हणजे साधारण १९३१चा हुकूम. वाडीतल्या विहिरीची राखण करणाऱ्याला विहिरीलगतची जागा दिल्याचा. कडुबांचा आजा सटवा त्या विहिरीची राखण करायचा, हे वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. कडुबांनी नक्कल मुबारकभाईंच्या हातात अशी ठेवली, जणू आता निकालच लागला.

मुबारकभाईंनी चार दिवस लावले. भिंग घेऊन बसले, उन्हात धरून पाहिलं, दप्तरखान्यात जाऊन मूळ कागदही पाहून आले. पाचव्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

"वरच्या तीन ओळींत वाडी, विहीर, ओढा, सगळं आहे," ते म्हणाले. "खालच्या दोन ओळींत, 'त्यानं आणि त्याच्या वारसांनी पिढ्यान्‌पिढ्या खावं' असं आहे. मधली ओळ नाही. कागद घडीवर खाल्लाय कसरीनं. नाव त्या ओळीत होतं."

"माझ्या आज्याचं."

"असेल."

"असंल?" कडुबांचा आवाज चढला. "राखण कोण करत व्हतं? सटवा हिवराळे. जागंवर आज कोण हाय? सटव्याची नात. मग मधी नाव कुणाचं असंल, नवाबाचं?"

"मलाही वाटतं त्याचंच असेल."

"मग लिही की!"

"वाटतं ते मी लिहीत नाही, कडुबा. दिसतं ते लिहितो."

कडुबा उभे राहिले. आसपासचे टायपिस्ट, स्टँपवाले, दोन वकील माना वळवून बघायला लागले. "तीस वर्सं!" कडुबा गरजले. "तीस वर्सं लिंबाचं पान दावून मला अल्ला दावतोस. पानावर सही नाय, शिक्का नाय, पंच नाय, तरी तुला बनवणारा दिसतो. आन् हितं वर तीन ओळी, खाली दोन ओळी, जागंवर माझी बहीण जित्ती बसलेली, तरी तुला माझा आजा दिसत नाय?"

एरवी हे ऐकून लोक हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. एकतीस वर्षं सील तपासणारा माणूस फाटक्या कागदावर विश्वास ठेवा म्हणून ओरडत होता, आणि न दिसणाऱ्यापुढं पाच वेळा वाकणारा माणूस म्हणत होता, दिसलं नाही.

"अल्लाबद्दल माझं चुकलं, तर तो माझा न् त्याचा मामला," मुबारकभाई हळू आवाजात म्हणाले. "त्याचं काही जात नाही. इथं मी मनानं नाव घातलं आणि ते खोटं निघालं, तर समोरच्याचा हक्क जाईल. माणसाचा हक्क मारला तर तो माणूस माफ करेपर्यंत अल्ला पण माफ करत नाही. आमच्यात असं आहे."

"आन् माझ्या बहिणीचा हक्क?"

"त्यासाठी मी साक्षीला येतो. पाच ओळी शपथेवर वाचतो. मधली खाल्ली आहे हे पण सांगतो. साहेबांना म्हण, वाडीतल्या जुन्या माणसांचे जबाब घ्या. पण नाव मी टाकणार नाही."

कडुबांनी ऐकलं नाही. ऐकायची वेळ निघून गेली होती. "तुला काकासाहेबानं गाठलंय," ते म्हणाले. मुबारकभाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण राग आला की कडुबांना पुढची पायरी दिसायची नाही. "तुम्ही लोक असेच," ते म्हणाले.

हे वाक्य या शहरात रोज हजारदा बोललं जातं, सगळ्या बाजूंनी, सगळ्यांबद्दल. त्या टेबलावर ते कधी आलं नव्हतं. मुबारकभाईंनी भिंग फडक्यात गुंडाळलं, नक्कल घडी न मोडता परत दिली आणि न उघडलेला डबा पिशवीत घातला. ते घरी निघून गेले तेव्हा दोन वाजायचे होते.

पुढचं भाषांतर कडुबांनी छावणी भागातल्या एका माणसाकडून करून घेतलं. त्यानं भिंगही घेतलं नाही. "नाव काय म्हणालात?" असं विचारून मधल्या ओळीत 'सटवा वल्द राघू हिवराळे', म्हणजे राघूचा मुलगा सटवा, असं नीट टाईप करून दिलं आणि सही ठोकली. कडुबांनी तो कागद घरी आणला, तीनदा वाचला आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. असल्या कागदासाठी त्यांनी एखाद्या फौजदाराला खोलीबाहेर काढलं असतं.

हा कागद साक्षीत द्यायचा म्हणजे तो खरा आहे असं सांगावं लागणार होतं. आणि प्रतिज्ञेवर खोटं बोलणं कडुबांना शक्य नव्हतं. ती त्यांची स्वतःची होती, आजवर तिच्यावर ओरखडा नव्हता. सुनावणीआधीचे आठ दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मुलगी मेघा चहा घेऊन आली तर तिच्यावरही खेकसले. आठव्या दिवशी त्यांना तोड सापडली, आणि ती सापडली म्हणून ते एकटेच मोठ्यानं हसले. कायद्यात दोन वाटा आहेत. दुसरी वाट तर मोकळीच आहे. जो नाहीच त्याच्या नावानं खोटं बोललं, तर कुणाचं काय गेलं? ज्याच्या नावानं आपल्याला हजार वर्षं फसवलं, त्याच्याच नावानं एकदा आपण फसवू. त्यांना हा हिशेब बिनतोड वाटला. रागात असलेल्या माणसाला स्वतःचा हिशेब नेहमीच बिनतोड वाटतो.

सुनावणीला साळूबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. काकासाहेब पांढऱ्या कपड्यांत, मोबाइल बघत बसलेले. त्यांच्या वकील होत्या कहकशा मॅडम. मॅडम वीस वर्षांपूर्वी नवशिक्या होत्या, तेव्हा मुद्देमालाच्या खोलीत कडुबांनी त्यांना सील कसं तपासायचं ते शिकवलं होतं. त्या त्यांना काका म्हणायच्या. आणि सगळ्यांत मागच्या बाकावर, कुणी न बोलावता, मुबारकभाई. मांडीवर पाकीट.

कडुबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. साक्षीला उभे राहिले. कारकून म्हणायला लागला, "ईश्वराची शपथ घेऊन सांगतो की..." आणि कडुबांनी त्याला तोडलं नाही. त्याच्यामागून, गरजेपेक्षा मोठ्यानं, शब्द न् शब्द म्हटला. मग भाषांतर पुढे केलं आणि सांगितलं, हे खरं आहे, मधल्या ओळीत माझ्या आज्याचं नाव आहे.

कहकशा मॅडम लगेच उठल्या नाहीत. त्यांनी कागद पाहिला, मग कडुबांकडे पाहिलं.

"काका, माझ्या पहिल्या खटल्यात तुम्ही साक्षीदार होतात. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा ईश्वराची शपथ घेतली होतीत?"

कडुबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"मी सांगते. प्रतिज्ञेवर सांगितलं होतंत. त्याआधी आणि त्यानंतरही, दरवेळी. का?"

"माझा इस्वास नाय म्हणून."

"आज बसला?"

काकासाहेबांनी मोबाइल खाली ठेवला.

"ज्याच्यावर तुमचा विश्वास नाही," मॅडम म्हणाल्या, "त्याला आजच साक्षीला का बोलावलंत? तुमची स्वतःची प्रतिज्ञा आज का नको झाली?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मला उर्दू वाचता येतं, काका. या नकलेत घडीवर काळा पट्टा आहे. मला तिथं एकही अक्षर दिसत नाही. तुम्हाला कुठं दिसलं?"

देवाची शपथ घेतली, हाच त्यांच्या खोटेपणाचा पुरावा झाला होता. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झाला नसता. त्या खोलीत तो फक्त कडुबा हिवराळ्यांच्या बाबतीत होऊ शकत होता.

"व्हय!" कडुबांनी समोरच्या टेबलावर मूठ मारली. "खोटं हाय ते! टाकलंय नाव! हजार वर्सं कागद नसताना आमाला भायेर ठिवलं, तवा कुणी नाय इचारलं, देव कुठं म्हणाला म्हणून. कुणी पंचनामा नाय केला. आन् आज चार बाजंच्या जागंसाठी म्हातारीला इचारता? तिचा जलम तिथं गेला, तो नाय का पुरावा?"

तहसीलदार साहेब तरुण होते, आणि चांगलेच असावेत, कारण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "हिवराळे," ते म्हणाले, "तुमचा राग मला कळतो. तो मला लिहून घेता येत नाही."

तेव्हा मुबारकभाई उठले. साळूबाईंच्या बाजूनं साक्ष द्यायची आहे म्हणाले. त्यांनी शपथ घेतली, पाकिटातून आपली नक्कल आणि भाषांतर काढलं आणि पाच ओळी एकेक करून वाचल्या, आधी उर्दूत, मग मराठीत. मधे थांबून म्हणाले, "इथं एक ओळ आहे, ती वाचता येत नाही." त्यांचा आवाज तसाच हळू होता आणि सगळ्यांना ऐकू गेला.

साहेबांनी कपाळ चोळलं. "हा एकच कागद माझ्यापुढं आला असता, तर मी जागेवर माणूस पाठवला असता. जुन्या लोकांचे जबाब घेतले असते. विहीर आहे, ओढा आहे, बाई राहतेय, काहीतरी हाताला लागलं असतं. आता त्याच बाजूनं खोटा कागद दिला आणि खोटा असल्याचं कबूलही केलं. उद्या जबाब घेतले तरी ते पढवलेले नाहीत असं मी कशावरून धरू?"

खोट्या साक्षीबद्दल खटला भरायचा नाही, वयाकडे पाहून फक्त ताकीद, एवढी सवलत त्यांनी दिली. जागेचा निकाल आठ दिवसांत आला. काकासाहेबांच्या बाजूनं.

पत्रे उतरवायच्या दिवशी टेम्पो विहिरीजवळ उभा होता. पलीकडे काकासाहेबांची दोन माणसं दोरी लावून गेटाची जागा मोजत होती. मुबारकभाई सकाळीच बसनं आले होते, बाह्या वर करून खिळे काढत होते. कडुबा आणि ते एकमेकांशी बोलले नव्हते. कडुबांना बोलायचं होतं. त्या दुपारी टेबलावर जे तोंडातून गेलं होतं, ते परत घ्यायचं होतं. पण शब्द जुळत नव्हते, आणि जुळत नाहीत याचा पुन्हा राग येत होता.

साळूबाईही सुनावणीपासून भावाशी बोलली नव्हती. घर जाणार याचं दुःख असेल, असं कडुबांनी धरलं होतं.

"आक्का," ते म्हणाले, "अपील करता येतं. मी वकील बघतो. ह्यो शेवट नाय."

साळूबाई तांब्या विसळत होती. तिनं तो खाली ठेवला.

"कडुबा, आपल्या बापानं घरातले देव पोत्यात घातले आन् नदीला सोडून आला. तू तवा पोटात बी नव्हतास. गावानं चार वर्सं पाण्याला शिवू दिलं नाय. ही हिर हाय का, हिची राखण आपल्या आज्यानं केली, आन् हिचंच पाणी आमाला बंद. आई दीड कोसावरनं घागर आणायची. दोन लेकरं गेली तिची त्यात, माझ्या पाठची. लोक बापाला म्हणायचे, एक देवाचा टाक परत आण, नुसता कोनाड्यात ठिव, पाणी घी. त्यानं नाय आणला."

पाठच्या दोन लेकरांचं कडुबांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"पत्रं गेले त्याचं मला कायबी नाय," साळूबाई म्हणाली. "मी तुझ्या घरी राहीन, नायतर रस्त्यावर पेरू इकीन. पर बापानं पाण्यावाचून लेकरं घालवली आन् घरात घेतला नाय, तो देव तू तोंडात घेतलास. आन् कशापायी? खोटं बोलायला. माझं नाव सांगून."

तिनं तांब्या भरला आणि मुबारकभाईंना नेऊन दिला. उभ्यानंच पाणी पिऊन त्यांनी तांब्या परत केला आणि छपराचा शेवटचा पत्रा एका टोकाला धरला. लांब पत्रा होता, एकट्याला उचलण्यासारखा नव्हता. ते नुसते धरून उभे राहिले. कडुबा दुसऱ्या टोकाला जाऊन वाकले.